एलन व्हॅली एका दिवसात: दिसणारी धरणं आणि न दिसणारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा पुण्याहून बर्मिंगहॅमला येताहेत. बाबा एकाहत्तर वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आईंचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. वेल्समधली एखादी नदीची दरी दाखवायची आहे, पण मुक्काम नको. कुणीतरी एलन व्हॅली सुचवली, तर आईंचं म्हणणं, "आयुष्यभर यांची धरणंच बघितली, आता परदेशात जाऊनही तेच?"

आधी माझ्याबद्दल एवढंच सांगतो, की नाशिककडे नऊ वर्षं मी बाबांच्याच खात्यात होतो. त्यानंतर बावीस वर्षं इथे जुन्या धरणांच्या तपासणीचं काम करतोय. १९७५च्या कायद्याप्रमाणे इथल्या मोठ्या तलावांची निदान दर दहा वर्षांनी स्वतंत्र इंजिनिअरकडून तपासणी होते, त्या कामात असतो. एलनला पाहुण्यांना घेऊन पंधरा वेळा तरी गेलो असेन. त्यामुळे उत्तर सरळ देतो: जा, एका दिवसात आरामात होतं, आणि आईंनाही आवडेल. फक्त तिथे सगळे करतात तसं एका धरणावरून दुसऱ्या धरणावर धावत फोटो काढत फिरू नका.

आईंना आधी तुमच्या स्वयंपाकघरातली किटली दाखवा. लंडनला किटलीत महिन्याभरात पांढरा थर बसतो. बर्मिंगहॅमला तसा बसत नाही, कारण शहराच्या मोठ्या भागात येणारं पाणी मऊ आहे. ते एलन खोऱ्यातून येतं, ११८ किलोमीटरवरून, आणि वाटेत पंप नाही. सुरुवातीच्या मनोऱ्यापासून शहराच्या कडेला फ्रँकली इथल्या तलावापर्यंत एकूण उतार ५२ मीटर. हे बाबांना असं सांगा: पुण्याहून जवळजवळ साताऱ्याइतकं अंतर, आणि सरासरी उतार सुमारे २,३०० मीटरला एक मीटर. पाणी माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश चालतं, पोहोचायला दीड दिवस लागतो. १९०४पासून हे असंच चालू आहे. बाबा त्यावर काही बोलले नाहीत तर समजा की ते मनात आकडेमोड करताहेत.

आता प्रवासाचं. सकाळी साडेसातला निघा. किडरमिन्स्टर, लेमिन्स्टर आणि मग ए-४४ने किंग्टनवरून रेयाडर. अडीच तास धरा, वाटेत आईंना पाय मोकळे करायला थांबलात तर तीन. किडरमिन्स्टरजवळच्या ब्यूडलीपाशी हीच जलवाहिनी पुलावरून सेव्हर्न नदी ओलांडते. तिच्यासाठी वाट मुद्दाम वाकडी करू नका, नुसतं सांगून ठेवा.

वेल्सची हद्द लागली की रस्त्यावर पांढऱ्या रंगात 'अरव' असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे 'हळू'. वेल्श लिपीत एक 'एफ' असेल तर उच्चार 'व' होतो, हे एक कळलं की निम्म्या पाट्या वाचता येतात. 'कूम' म्हणजे दरी, 'नांट' म्हणजे ओढा, 'पेन' म्हणजे माथा, 'क्राइग' म्हणजे कडा, 'कोख' म्हणजे लाल. हाच 'कोख' काही शब्दांनंतर 'गोख' होतो. आपल्याकडे संधीत अक्षरं बदलतात, तसे त्यांच्याकडे शब्दांचे आरंभ बदलतात. आईंना भाषेची आवड असेल तर गाडीत हाच खेळ खेळा, तास सहज जातो. आणि गाडी चालवणाऱ्याने लक्षात ठेवायचं ते हे: १७ सप्टेंबर २०२३पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे. इंग्लंडच्या सवयीने ३०ने गेलात तर पावती घरी येते. आमच्या घरी आली आहे.

रेयाडर म्हणजे दोनेक हजार वस्तीचं, चार रस्त्यांच्या मध्ये घड्याळाचा मनोरा असलेलं बाजाराचं गाव. नावाचा अर्थ वाय नदीवरचा धबधबा, पण १७८०मध्ये पूल बांधताना तो धबधबाच जवळजवळ नाहीसा झाला. इथे तीन गोष्टी उरकून घ्या: पेट्रोल, स्वच्छतागृह आणि मोबाइलवरचा नकाशा उतरवून ठेवणं. पुढे दरीत पंप नाही आणि रेंज जवळजवळ नाही. एकदा एका पाहुण्यांनी मला "तिकडे मिळेल की कुठेतरी" असं सांगून पाव टाकीवर गाडी पुढे काढली होती. संध्याकाळी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून परत आलो. त्यानंतर मी याबाबतीत कुणाचंही ऐकत नाही.

रेयाडरपासून तीनेक मैलांवर काबान कोख हे सगळ्यात खालचं धरण आणि त्याच्या पायथ्याशी पर्यटक केंद्र. खालून वर जायचं, हा क्रम सोडू नका. केंद्रात चहा, खाणं, छोटं प्रदर्शन, सपाट वाट, बाकडी आहेत. आईंना इथे तासभर बरं वाटेल. धरण ३७ मीटर उंच, १८६ मीटर लांब. समोर उभं राहिल्यावर बाबा एक गोष्ट शोधतील आणि ती त्यांना सापडणार नाही: दरवाजे. आपल्या बहुतेक मोठ्या धरणांना सांडव्याला दरवाजे असतात, कारण पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि पूर नेमका सोडावा लागतो. इथे वर्षाला साधारण १,८३० मिलिमीटर पडतो. महाबळेश्वरला याच्या तिप्पट पडतो, पण इथे तो बारा महिन्यांवर वाटला जातो. त्यामुळे धरणाचा माथा हाच सांडवा. भरलं की पाणी माथ्यावरून सरळ खाली येतं. दर्शनी दगड मुद्दाम खडबडीत ठेवलेत, त्यावर आपटून पाण्याची चादर पांढरी होते.

जूनमध्ये ती चादर दिसेलच असं मात्र नाही. वसंत कोरडा गेला असेल तर भिंत उघडी असते. खरी मजा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पण तेव्हा दिवस आठ तासांचा आणि आईंना थंडी. उघड्या भिंतीचा एक फायदा म्हणजे बांधकाम दिसतं. ही धरणं आतून काँक्रीटची आहेत. त्या काँक्रीटमध्ये मोठमोठे धोंडे टाकलेत, आणि बाहेरून घडीव दगडांचा मुखवटा. स्थानिक खडक कठीण, पण नीट घडवता येत नव्हता, म्हणून दर्शनी दगड डर्बीशायर आणि दक्षिण वेल्समधून आणले. त्यासाठी दरीत रेल्वेचे फाटे टाकले. आज त्याच रुळांच्या जागेवर पायी जाणाऱ्यांची आणि सायकलींची वाट आहे, रेयाडरपासून क्राइग गोख या सगळ्यात वरच्या धरणापर्यंत नऊ मैल.

१८९२मध्ये बर्मिंगहॅमला या खोऱ्यासाठी संसदेचा कायदा मिळाला, पुढच्या वर्षी काम सुरू झालं. बाबांना १८९२ हे साल ओळखीचं वाटेल, कारण त्याच वर्षी तानसाचं पाणी मुंबईला आलं. दोन्हीकडे अडचण एकच होती. शहर वेगाने वाढलेलं, विहिरी घाण झालेल्या, रोगांच्या साथी. आणि उपायही एकच: दूर डोंगरात दगडी धरण बांधून नळाने पाणी शहरात सोडायचं. इथले मुख्य इंजिनिअर जेम्स मॅनसर्ग. त्यांना हवा होता भरपूर पाऊस, अरुंद दरी, पाणी न झिरपणारा खडक आणि शहराहून पुरेशी उंची. चारही गोष्टी इथे मिळाल्या.

मजुरांसाठी नदीपलीकडे लाकडी घरांचं गाव वसवलं होतं. पुलावर पहारा असायचा. नवा मजूर आला की त्याला पहिली रात्र पुलाच्या अलीकडे काढावी लागे. उवा, रोगराई तपासून मगच गावात प्रवेश. गावात शाळा, दवाखाना, आणि रस्त्यावर विजेचे दिवे, तेही त्या काळात. स्नानगृह होतं, तिथे पुरुषांना आठवड्यातून तीन वेळा जायची मुभा, बायकांना एकदाच. हे प्रदर्शन पाहताना माझ्या बायकोचा चेहरा मला अजून आठवतो. लाकडी गाव गेलं, त्या जागी १९०६ ते १९०९ दरम्यान देखभालीच्या माणसांसाठी दगडी घरं बांधली. ती आजही तशीच, केंद्रापासून दोन मिनिटांवर.

आता ज्याच्यासाठी मी हे एवढं लांब लिहितोय तिथे येतो. काबान कोखच्या तलावाच्या कडेने दीडेक मैल वर गेलात की पाण्यावर कमानींचा एक अरुंद पूल दिसेल. सगळे तो पूल म्हणूनच बघतात, ओलांडतात आणि पुढे जातात. तुम्ही अलीकडे गाडी लावा आणि निदान पाऊण तास थांबा. त्या कमानी ज्याच्यावर उभ्या आहेत ते गारेग दी नावाचं एक पूर्ण धरण आहे, पाण्याखाली बुडालेलं.

बुडवून धरण कशाला बांधायचं? उत्तर अलीकडच्याच काठावर आहे, तिथला हिरव्या तांब्याच्या घुमटाचा गोल मनोरा. त्याचं नाव वॉइल टॉवर. बर्मिंगहॅमला जाणारं पाणी या मनोऱ्यातून घेतलं जातं. आणि ते पंपाविना जायचं असेल तर मनोऱ्यापाशी पाण्याची पातळी एका मर्यादेखाली जाऊन चालणार नाही. पण खालचं काबान कोख धरण नदीतही पाणी सोडतं. वाय नदी पुढे कोरडी पडू नये म्हणून ते कायद्यानेच बंधनकारक आहे. उन्हाळ्यात तलाव उतरला तर? तेव्हा हे बुडालेलं धरण उपयोगी पडतं. तलाव भरलेला असताना ते दोन्हीकडच्या पाण्याखाली निमूट असतं. खालच्या बाजूचं पाणी उतरलं की वरच्या बाजूचं पाणी ते धरून ठेवतं आणि मनोऱ्याला पातळी मिळत राहते. घरात पाण्याच्या टाकीत पिण्यासाठी राखीव कप्पा करावा, तसं. मी आजवर पाहिलेल्या धरणांत इतकी साधी आणि इतकी हुशार युक्ती दुसरी नाही, आणि ती सहसा कुणाला दिसतही नाही.

२१ जुलै १९०४ला राजा सातवा एडवर्ड आणि राणी अलेक्झांड्रा उद्घाटनाला आले ते याच भागात. मनोऱ्यातून निघालेलं पाणी जवळच वाळूच्या गाळण्यांमधून जातं. कारण या डोंगरांवर पीट नावाची काळी, कुजलेल्या वनस्पतींची माती आहे आणि ओढ्यांचं पाणी फिक्या चहासारखं दिसतं. तो गाळ तसाच सोडला तर इतक्या मंद उतारावर जलवाहिनी भरून जाईल.

पुलाच्या पलीकडे झाडीत एक छोटं दगडी चर्च आहे, नांटग्विल्टचं. तिथे मी माझ्या आत्याला घेऊन गेलो होतो. तिचं माहेर जावळीकडचं, कोयनेच्या फुगवट्यात गेलेलं. गाव उठलं तेव्हा ती दहा-बारा वर्षांची होती. मी उत्साहाने तिला पातळी, मनोरा, उतार सगळं समजावत होतो. तिने ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "इथं कोण राहत होतं? आणि देव कुठं नेला?"

तोवर इतक्या खेपा केल्या होत्या आणि एकाही पाहुण्याने हे विचारलं नव्हतं. खरं तर मीही कुणाला आपणहून सांगितलं नव्हतं. तिला ते चर्च दाखवलं. जुनं चर्च पाण्यात गेलं, त्याच्या बदल्यात बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने हे बांधून दिलं. पाण्याखाली गेलेल्यांत अठरा शेतघरं होती, शाळा होती, तीन मोठे वाडे होते. त्यांतल्या दोन वाड्यांशी कवी शेलीचा संबंध होता. १८११ला तो कूम एलनमध्ये राहिला होता आणि पुढच्या वर्षी बायकोसह नांटग्विल्टला. मोठ्या दुष्काळात पाणी फार उतरलं की नांटग्विल्टच्या बागेच्या भिंती वर येतात. दरीतून उठलेली माणसं सुमारे शंभर. भरपाई फक्त जमीनमालकांना मिळाली, आणि कसणारी बहुतेक कुळं होती.

आत्या म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच." मग चर्चच्या पायरीवर बसून डब्यातली पोळी खाल्ली. आकडा कोयनेच्या तुलनेत लहान आहे हे मी तिला सांगितलं नाही. वेल्समध्ये हा विषय अजून नाजूक आहे हे मात्र तुम्ही लक्षात ठेवा. १९६५मध्ये उत्तरेकडचं कापेल केलिन हे गाव लिव्हरपूलच्या पाण्यासाठी बुडवलं, त्यावरून मोठं आंदोलन झालं आणि 'त्रवेरिनची आठवण ठेवा' (त्रवेरिन म्हणजे ते गाव होतं ती दरी) ही भिंतीवर रंगवलेली घोषणा आजही ठिकठिकाणी दिसते. मुळशीच्या सत्याग्रहाचं नाव ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही. म्हणून इथल्या कॅफेत "किती छान तलाव बांधलाय इंग्रजांनी" असं मोठ्याने म्हणू नका, एवढंच.

जेवण चर्चजवळ किंवा झाडीत करा. इथे ओकची जुनी जंगलं आहेत, ठेंगण्या, वाकड्या, शेवाळाने भरलेल्या झाडांची. कोकणातल्या देवराईत पावसाळ्यात शिरल्यावर जो ओला हिरवा वास येतो, त्याच्या जवळपासचं काही इंग्लंड-वेल्समध्ये शोधायचं असेल तर ते अशाच ठिकाणी. थालीपीठं किंवा पराठे आणलेत तर उत्तम. कचरा परत न्यायचा. मेंढ्यांना खायला घालायचं नाही, आईंना हे दोनदा सांगावं लागेल.

जेवणानंतर पुलाच्या पलीकडचाच रस्ता धरा, चारएक मैलांवर तो क्लायरवेन धरणापाशी संपतो. वाटेत डाव्या हाताला लक्ष ठेवलं तर झाडीमागे एक बुटका, अर्धवट दगडी बांध दिसतो. हे दुसरं न दिसणारं धरण, डोल-अ-मनाख. क्लायरवेन नदीवर आधी तीन धरणांचा बेत होता. त्यांतल्या सगळ्यात खालच्याचा पाया काबान कोखचा तलाव भरल्यावर पाण्यात गेला असता, म्हणून तो १८९०च्या दशकातच आधी घालून ठेवला. मग महायुद्धं आली, तंत्र बदललं, आणि तीनऐवजी एकच मोठं धरण बांधायचं ठरलं. पाया तसाच राहिला. आपल्याकडे अर्धवट कालव्यांच्या चाऱ्या पाहिलेल्या माणसाला याचं नवल वाटत नाही, पण बाबांना ते दाखवल्यावर ते खुशीत हसतील असा माझा अंदाज आहे.

क्लायरवेन १९४६ ते १९५२ दरम्यान बांधलं. ५६ मीटर उंच, ३५५ मीटर लांब. २३ ऑक्टोबर १९५२ला उद्घाटनाला राणी एलिझाबेथ आल्या, गादीवर येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तोवर दगडी मुखवट्याची गरज उरली नव्हती, नुसतं काँक्रीट चाललं असतं. पण जुन्या चार धरणांशी दिसायला जुळावं म्हणून यालाही दगड लावला. ब्रिटिश गवंडी संसदेच्या इमारतीच्या दुरुस्तीत गुंतलेले होते म्हणून इटलीहून गवंडी आणले, असं सांगतात. आतला साठा ४८.३ दशलक्ष घनमीटर, म्हणजे १.७ टीएमसी (अब्ज घनफूट). एलन खोऱ्यातला सगळा साठा मिळून जेमतेम साडेतीन टीएमसी भरतो. कोयना एकटी १०५. हा आकडा बाबांना आधी सांगू नका. त्यांनी विचारावं, तुम्ही सांगावं, आणि मग त्यांनी "एवढंच?" म्हणावं, हा आनंद त्यांचा आहे. त्यावर तुम्ही म्हणा, की पाऊस वर्षभर भरत असेल तर साठा मोठा लागत नाही.

क्लायरवेनच्या पायथ्यापर्यंत गाडी जाते, आईंना उतरावंही लागणार नाही. वारा असेल तर माथ्यावर जायचा हट्ट धरू नका, तिथला वारा बोचरा असतो, जूनमध्येसुद्धा.

तिसरं न दिसणारं धरण तुमच्या दिवसात बसणार नाही, पण त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. काबान कोखच्या दक्षिण अंगाला नांट-अ-ग्रो नावाच्या ओढ्यावर मजुरांच्या गावाला पाणी देणारं एक लहान धरण होतं. गाव गेल्यावर ते निरुपयोगी झालं. दुसऱ्या महायुद्धात बार्न्स वॉलिस या ब्रिटिश इंजिनिअरना जर्मनीतली मोठी दगडी धरणं कशी फोडायची हा प्रश्न होता. वजनाच्या जोरावर उभं राहिलेलं धरण दुरून टाकलेल्या बॉम्बला दाद देत नाही. १९४२मध्ये या लहान धरणावर प्रयोग झाले. पहिल्यांदा ते तुटलं नाही. जुलैमध्ये स्फोटकं पाण्याखाली भिंतीला अगदी चिकटवून उडवली, आणि मधला भाग उडून गेला. मागचं पाणी स्फोटाचा जोर बाहेर जाऊ देत नाही, तो सगळा भिंतीत शिरतो. म्हणजे स्फोटकं कमी पुरतात, पण ती भिंतीला टेकायला हवीत. पुढे मे १९४३मध्ये पाण्यावरून टप्पे खात भिंतीपाशी जाऊन बुडणाऱ्या बॉम्बने म्योन आणि एडर धरणं फोडली, ती याच हिशोबावर. नांट-अ-ग्रोचे दोन तुटके खांदे अजून उभे आहेत. चढाची पायवाट आहे, ओली असली की घसरते. बाबांना फारच ओढ लागली तर तुम्ही दोघं जा आणि आईंना केंद्रात चहाबरोबर बसवा, पण मग क्लायरवेन सोडावं लागेल. धरण सुरक्षिततेत काम करणारा माणूस म्हणून मला ते तुटकं धरण पाहताना कसंतरी होतं. पानशेतच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना कळेल.

परत पुलावर येऊन मुख्य रस्त्याने वर निघा. पेन-अ-गारेग हे धरण वाटेत लागतं. त्याच्या पोटातून मधल्या मनोऱ्यापर्यंत बोगदा आहे आणि वर्षातून काही मोजके दिवस तो लोकांना उघडतात. तुमची तारीख जुळते का ते आधी बघा. जुळली तर बाकी सगळं बाजूला ठेवून बाबांना आत न्या. नाही जुळली तर रस्त्यावरून पाच मिनिटं पुरतात.

सगळ्यात वरचं क्राइग गोख. हे माझ्या मते दिसायला सगळ्यात देखणं: वळणदार भिंत, माथ्यावर नाजूक कमानींवरून गेलेला अरुंद रस्ता, एका टोकाला घुमटाचा मनोरा. समुद्रसपाटीपासून ३१७ मीटर. झाडं इथे संपतात आणि उघडी गवताळ टेकाडं सुरू होतात. धरणाच्या माथ्यावरून चालणं सपाट आहे, आईंना जमेल. तलावात पोहायला बंदी आहे आणि ती गंभीरपणे घ्या, जूनमध्येही खालचं पाणी इतकं थंड असतं की पट्टीच्या पोहणाऱ्याचा श्वास अडतो.

इथून आल्या वाटेने परतू नका. थोडं पुढे गेलात की डोंगरावरून रेयाडरला उतरणारा जुना रस्ता मिळतो, सहाएक मैलांचा. एकेरी, कठडे नाहीत, मेंढ्या रस्त्यावरच बसलेल्या. समोरून गाडी आली तर ज्याच्या जवळ बाजूला घ्यायची जागा असेल त्याने मागे जायचं आणि दोघांनी हात वर करायचा. घाटातल्यासारखा हॉर्न वाजवलात तर मेंढ्या हलणार नाहीत आणि माणसं रागावतील.

रेयाडरजवळच्या गिग्रिन फार्मवर उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास लाल घारींना मांस टाकतात, शेकड्याने घारी येतात. एके काळी अख्ख्या ब्रिटनमधल्या शेवटच्या काही जोड्या याच मध्य वेल्समध्ये उरल्या होत्या. पण तीनला तिथे पोहोचायचं तर क्लायरवेन किंवा क्राइग गोख यांतलं एक गाळावं लागेल. मी गाळणार नाही. डोंगरावरच्या रस्त्यावर एक-दोन घारी डोक्यावरून जातातच, दुभंगलेली शेपटी बघून ओळखा. तरी जाणार असाल तर दिवस आणि वेळ आधी तपासून घ्या.

बऱ्याच जणांनी तुम्हाला इथल्या आकाशाबद्दल सांगितलं असेल. २०१५पासून एलनला गडद आकाशाच्या उद्यानाचा (डार्क स्काय पार्क) आंतरराष्ट्रीय दर्जा आहे, तारे खरोखर अप्रतिम दिसतात. पण जूनमध्ये अकरापर्यंत नीट अंधारच पडत नाही, आणि त्यानंतर अडीच तास गाडी चालवायची. ते डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवा, आई-बाबांशिवाय.

हवा बिघडली तर काय, हेही विचारलंय. नुसता पाऊस असेल तर जा, पावसात ही दरी उलट चांगली दिसते. ढग खाली उतरून रेयाडरलाच टेकड्यांचे माथे दिसेनासे झाले असतील तर क्राइग गोख आणि डोंगरावरचा रस्ता सोडा, गारेग दीच्या पुलावरच वेळ घालवा आणि आल्या वाटेने परत फिरा. साडेपाचला रेयाडर सोडलंत तर आठपर्यंत घरी. किंग्टनच्या अलीकडे संध्याकाळचं ऊन आरशात येतं, म्हणून मागच्या सीटवर आईंना डाव्या बाजूला बसवा. आणि पेट्रोल सकाळी भरलं नसेल तर आता तरी भरा.